"तुमचे पोप गेले": सांगलीतलं प्रॉटेस्टंट घर आणि वसईची कॅथलिक सोयरीक

कृष्णाकाठ

२१ एप्रिल २०२५. ईस्टरच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. शेजारच्या काकू दार वाजवून आत आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमचे पोप गेले म्हणे गं. टीव्हीवर दाखवतायत. वाईट झालं." पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी मीही नुकतीच पाहिली होती आणि मलाही वाईट वाटलं होतं. 'ते आमचे नव्हेत' असं काकूंना त्या क्षणी सांगवेना. चहा ठेवला, दोघी बसलो. पण तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईला आपण कोण, ते मी कधी नीट सांगितलंच नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली.

आता सांगायची वेळ घरातच आली आहे. माझ्या भाच्याचं लग्न वसईच्या कॅथलिक मुलीशी ठरलंय. आमच्याकडे ऐंशी पार केलेल्या आत्याबाई विचारतात, "ती पोरगी मूर्तीपुढं मेणबत्ती लावणार का गं?" तिकडून तिची आजी विचारते म्हणे, "त्यांच्याकडे मारियामातेला मानतच नाहीत का?" दोघींच्या प्रश्नात काळजी आहे. म्हणून हा धागा. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, नर्सिंगमध्ये आयुष्य गेलं. पण जे जगले ते सांगू शकते.

आधी आम्ही कोण. माझे आजोबा मिरजेच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते रुग्णालय. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. ते ज्या मिशनचे होते ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन. प्रेस्बिटेरियन म्हणजे मंडळीचा, अर्थात चर्चच्या समुदायाचा, कारभार निवडून दिलेल्या वडीलजनांनी पाहायचा. आजोबांच्या उमेदीच्या काळात आमच्या मंडळीला बिशप नव्हताच. तो आला १९७० नंतर. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा वेगवेगळे प्रॉटेस्टंट प्रवाह एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, तयार झालं. अँग्लिकन आले, बाप्टिस्ट आले, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल आधीच एक झालेले होते तेही आले. आमच्या भागातली सीएनआय मंडळी कोल्हापूर धर्मप्रांतात मोडते. पण 'प्रॉटेस्टंट' म्हणजे तेवढंच नव्हे. अमेरिकन मेथडिस्ट या एकीकरणात आले नाहीत, ते आजही वेगळे आहेत. साताऱ्याकडे मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मीची) माणसं भेटतील, ती तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेणं) हे विधीही पाळत नाहीत.

लोक फरक विचारतात तेव्हा पुतळे, मेणबत्त्या, फादरचं लग्न इथून सुरुवात करतात. माझ्या मते तो शेंडा झाला. मुळाशी एकच प्रश्न आहे: शेवटचा शब्द कुणाचा?

मार्टिन ल्यूथर स्वतः कॅथलिक संन्यासी होता. ३१ ऑक्टोबर १५१७ ला जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये त्याने ९५ मुद्दे मांडले. पापाची शिक्षा कमी व्हावी म्हणून पैसे घेऊन चिठ्ठ्या दिल्या जात होत्या, त्यावर ते होते. तो वाद वाढत वाढत इथे आला, की पोप आणि धर्मसभा यांचं म्हणणं पवित्र शास्त्राशी जुळत नसेल तर माणसाने काय करावं? ल्यूथरचं उत्तर: शास्त्राला धरावं. कॅथलिक उत्तर: शास्त्र मंडळीतच जन्मलं आणि मंडळीनेच जपलं, त्यामुळे शास्त्र आणि परंपरा सोबत चालतात, आणि त्यांचा अर्थ लावायचा अधिकार पोप व बिशपांकडे आहे. दोन्ही बाजूंना विचार आहे. मी पहिल्या बाजूला वाढले.

एवढं धरलं की बाकीचं आपोआप कळत जातं. शास्त्रात ज्या विधींची आज्ञा प्रभू येशूने स्वतः दिली असं आम्ही मानतो ते दोनच: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. कॅथलिक सात संस्कार मानतात. त्यात दृढीकरण, पापनिवेदन, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, याजकदीक्षा आणि विवाहही येतात. आमच्याकडे लग्न पवित्रच, पण त्याला संस्काराचा तो दर्जा नाही.

कधी रविवारी आमच्या चर्चमध्ये या. समोर साधा क्रूस दिसेल, त्यावर ख्रिस्ताचं शरीर नाही. पुतळे नाहीत. बाजूला एका फळ्यावर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. लोकांच्या हातात 'उपासना संगीत'. तबला-पेटी असते. पापांगीकार सगळे मिळून मोठ्याने म्हणतो, कुणाच्या कानात नाही. आणि उपदेश लांब. लहानपणी त्या उपदेशात मी आईच्या मांडीवर झोपायचे, आता तोच ऐकायला जाते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. आमच्या मंडळीत द्राक्षारस म्हणजे तासगावचे काळे बेदाणे आदल्या रात्री भिजवून, उकळून, गाळलेला रस. माझी आई तो करायची, आता मी करते. शनिवारी रात्री तो गाळताना मी कुणाशी बोलत नाही. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, वरचं रूप तेवढं तेच राहतं. आमच्यात यावर पहिल्यापासून एकमत नाही. १५२९ मध्ये ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली मारबुर्गला समोरासमोर बसले, जवळजवळ सगळ्या मुद्द्यांवर जुळलं आणि नेमकं इथेच फाटलं. ल्यूथरचं म्हणणं ख्रिस्त त्यात खरोखर आहे, झ्विंग्लीचं म्हणणं ती आठवण आहे. नंतरचा सुधारक कॅल्विन, त्याचं म्हणणं, आत्म्याच्या द्वारे खरी भेट होते. आमची प्रेस्बिटेरियन परंपरा कॅल्विनची. मला विचाराल तर त्या पेल्याजवळ गेल्यावर मला 'नुसती आठवण' असं कधीच वाटलेलं नाही.

प्रश्न विचारा. चुकलं तर दुरुस्त करा.

माहुलीचा संगम

ताई, सुंदर लिहिलंय. मी साताऱ्याचा, आम्ही वारकरी घरातले. मला खरंच ठाऊक नव्हतं, आमच्यासाठी सगळे 'ख्रिश्चन'. तीन शंका.
बिशप दोन्हीकडे असतात म्हणालात, मग तुमच्या बिशपच्या वर कोण? दुसरं, 'फादर' आणि 'पास्टर' यात काय वेगळं? तिसरं, पाचगणीच्या शाळांना 'सेंट' लावतात म्हणजे त्या सगळ्या कॅथलिक का?

कृष्णाकाठ

दादा, शेवटचं आधी. 'सेंट'वरून काही ठरत नाही. पाचगणीतलं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट कॅथलिक भगिनींनी काढलं, पण सेंट पीटर्स अँग्लिकन परंपरेतली. पेत्र, पौल, योहान यांना आम्हीही संत म्हणतो. त्यांच्याकडे मागणं मात्र मागत नाही.

आमच्या बिशपच्या वर एक व्यक्ती नाही, सिनड आहे. धर्मप्रांतांतून निवडून आलेले पाळक आणि साधे सभासद तीन वर्षांनी जमतात. ते एका बिशपला मॉडरेटर निवडतात, त्याचीही मुदत संपते. पोपचं तसं नाही. कॅथलिक त्यांना पेत्राचे वारस मानतात, आणि श्रद्धा-नीतीच्या बाबतीत ते अधिकारपदावरून विधिवत जे ठरवून देतात त्यात चूक होत नाही, असं १८७० मध्ये त्यांच्या धर्मसभेने जाहीर केलं. पोप बोलतील ते प्रत्येक वाक्य असा त्याचा अर्थ नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आमचेच लोक तसं समजतात.

फादर म्हणजे याजक. तो वेदीवर अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो, आणि लॅटिन परंपरेत अविवाहित राहतो. पाळक म्हणजे मेंढपाळ. आमच्या समजुतीत प्रत्येक विश्वासणारा देवासमोर याजकच आहे. पाळकाला शिकवायचं आणि सांभाळायचं काम नेमून दिलेलं असतं. पाळकसाहेबांचं लग्न झालेलं असतं आणि पाळकीणबाई म्हणजे मंडळीचा निम्मा आधार. ल्यूथरनेही १५२५ मध्ये मठ सोडलेल्या काथारीना फॉन बोराशी लग्न केलं. सीएनआयमध्ये स्त्रियाही पाळक होतात. कॅथलिक चर्चमध्ये याजकदीक्षा फक्त पुरुषांना.

आगाशीकर

मी मूळ वसई तालुक्यातल्या आगाशीचा, कॅथलिक. नोकरीसाठी साताऱ्यात आलो त्याला आता बारा वर्षं झाली. ताईंनी आमची बाजू प्रामाणिकपणे मांडली म्हणून लिहावंसं वाटलं. त्या मुलीची आजी जे विचारते तेच माझी आई विचारेल.

मारियामातेबद्दल. आम्ही तिची आराधना करत नाही. आराधना फक्त देवाची. तिचा आणि संतांचा आम्ही सन्मान करतो आणि आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणून विनवतो. तुम्ही आजारी पडलात तर मंडळीतल्या एखाद्या भक्तिवान बाईला म्हणता ना, 'माझ्यासाठी प्रार्थना कर'? आमची श्रद्धा अशी, की देवाच्या घरी गेलेली माणसं मेलेली नाहीत, त्यांनाही तसं म्हणता येतं. प्रॉटेस्टंट म्हणतात, देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. आम्हीही तेच म्हणतो. पण संतांची विनवणी त्या मध्यस्थीच्या आत बसते असं आम्ही मानतो, आणि ते मानत नाहीत. खरा फरक इतका आहे.

मारियेबद्दलच्या दोन गोष्टी मात्र आमच्याकडे श्रद्धेचा भाग आहेत आणि प्रॉटेस्टंटांना शास्त्रात सापडत नाहीत: ती मूळ पापाविना गर्भात आली, हे १८५४ मध्ये जाहीर झालं, आणि ती देहासह स्वर्गात घेतली गेली, हे १९५० मध्ये. या दुसऱ्याचा सण १५ ऑगस्टला येतो. त्या दिवशी आमच्याकडे झेंडावंदन आणि मिस्सा दोन्ही असतात. लहानपणी मला वाटायचं, सगळा देश तिचाच सण करतोय.

क्रूसावर ख्रिस्ताचं शरीर का? माझी आजी म्हणायची, "त्याने काय सोसलं ते विसरू नये म्हणून." तुमचा रिकामा क्रूस सांगतो की तो उठला. गुड फ्रायडे आणि ईस्टर दोघेही पाळतो. जास्त वेळ कुठे उभं राहायचं, यात घरं वेगळी.

त्या पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांबद्दल प्रॉटेस्टंट मित्रांकडून पुष्कळ ऐकतो. जे झालं ते वाईट होतं, नाकारत नाही. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी त्यातला पैसा गेला. पण पैसे घेऊन असे दंडविमोचन द्यायची पद्धत पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये रद्द केली. तिला साडेचारशे वर्षं उलटून गेली. तरी आजही कुणी आम्हाला भेटला की तिथूनच सुरुवात करतो, याचं दुःख होतं.

अजून एक. 'मराठीतून उपासना प्रॉटेस्टंटांनी आणली' असं साताऱ्यात मी दोनदा ऐकलं. मिस्सा १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेपर्यंत लॅटिनमध्ये होती हे खरं. पण फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीयाने (जेझुइटाने) ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं आणि ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. मराठीवरचं आमचं प्रेम इतकं जुनं आहे.

संडे स्कूलच्या बाई

आगाशीकर, धन्यवाद. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण कॅथलिक माणसाकडून हे इतकं शांतपणे ऐकायची वेळ आज आली.

दोन गोष्टी घालते, कारण सोयरीक झाली की घरात याच अडतात.

एक, बायबल. आमच्यात ६६ पुस्तकं, तुमच्यात ७३. नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात. तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराक, बारूख आणि मक्काबींची दोन, ही सात तुमच्याकडे आहेत, शिवाय एस्तेर आणि दानीएलातले काही भाग. आमच्या पूर्वजांनी यहुद्यांच्या हिब्रू शास्त्राची यादी धरली, म्हणून ती बाहेर राहिली. हा नुसता मोजणीचा प्रश्न नाही. मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख दुसऱ्या मक्काबीत आहे. कॅथलिक २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा करतात, शुद्धिस्थान (मेल्यावर जीव शुद्ध होतो ती अवस्था) मानतात. आम्ही कबरी साफ करतो, फुलं वाहतो, देवाचे आभार मानतो, पण गेलेल्या जिवासाठी मागणं करत नाही. माझ्या यजमानांच्या वेळी एक कॅथलिक मैत्रीण म्हणाली, "मी त्यांच्यासाठी मिस्सा ठेवली." मला काय बोलावं सुचेना. आज वाटतं, नुसतं 'थँक्यू' म्हणायला हवं होतं.

दुसरी, दहा आज्ञा. मजकूर तोच, क्रमांक वेगळे. आमच्याकडे कोरीव मूर्तीची आज्ञा दुसरी. कॅथलिक ती पहिलीतच धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. म्हणून व्यभिचाराची आज्ञा आमची सातवी, त्यांची सहावी. 'कॅथलिकांनी मूर्तीची आज्ञा काढून टाकली' असं आमच्यातले काही सांगतात ते चूक आहे. आणि ल्यूथरन लोकही कॅथलिकांसारखेच मोजतात!

प्रभूच्या प्रार्थनेतही एक गंमत आहे. आम्ही 'वाइटापासून सोडव' म्हणून थांबत नाही, 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत' हेही म्हणतो. कॅथलिक 'सोडव'वर थांबतात.

आणि हो, मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आम्ही दर रविवारी 'पवित्र सार्वत्रिक मंडळी'वर विश्वास आहे असं म्हणतो. कॅथलिक या शब्दाचा मूळ अर्थच सार्वत्रिक. तो शब्द दोघांचा आहे.

यवतेश्वर पायथा

साताऱ्याचा विषय निघालाय आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव अजून आलं नाही? १८९५ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपणच पाहणार. साताऱ्यातही तेच मिशन. पण टिळकांना तेही कुंपण वाटू लागलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, साताऱ्यात. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना. १९१९ मध्ये ते गेले, दरबार पुढे फार टिकला नाही. माहुलीचा संगम, तुम्ही वारकरी घरातले म्हणून सांगतो: आमच्या गीतांत त्यांचे अभंग आहेत. रविवारी आम्ही ते गातो तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला भजन चाललंय असंच वाटतं.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या भगिनींशी पत्रांतून वाद सुरू. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः मराठी बायबल केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापलं गेलं. प्रॉटेस्टंट म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी व्याख्या देत नाही, रमाबाईंची ही गोष्ट सांगतो.

विट्याहून

एक प्रश्न. आमच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना चालते. टाळ्या, रडणं, आजाऱ्यावर हात ठेवणं. ते कोण? सीएनआयवाले म्हणतात आमचे नाहीत, कॅथलिक म्हणतात आमचे नाहीत.

कृष्णाकाठ

ते बहुधा पेंटेकॉस्टल किंवा स्वतंत्र मंडळ्या. व्यापक अर्थाने प्रॉटेस्टंटच, कारण पोप मानत नाहीत आणि शास्त्र शेवटचं मानतात. पवित्र आत्म्याची दानं, अन्य भाषेत बोलणं, रोगमुक्ती यावर त्यांचा भर. या चळवळीची सुरुवात लोक अमेरिकेत १९०६ च्या लॉस एंजेलिसपासून सांगतात, पण त्याच्या आदल्याच वर्षी केडगावच्या मुक्ती सदनात, रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींमध्ये असंच मोठं जागरण झालं होतं.

फरक जाणवतो तो बाप्तिस्म्यात. ते समज आल्यावर आणि पाण्यात पूर्ण बुडवून देतात. बालपणी झालेला बाप्तिस्मा बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, पुन्हा घ्यायला लावतात. माझ्या चुलतभावाला असा पुन्हा घ्यावा लागला. कुठल्या मंडळीत ते लिहीत नाही. पण आईने ज्या पाण्याजवळ त्याला नेलं होतं ते पाणी खोटं ठरलं, ही जखम घरात अजून आहे.

तासगाव रोड

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

माझे पणजोबा महार समाजातले. गावात पाणवठा वेगळा. आजी सांगायची, त्यांना मंडळीत ओढून घेतलं ते पुस्तकाने नाही, पेल्याने. प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचं. ब्राह्मण घरातून आलेला बाटलेला माणूस आणि ते, एकाच पेल्याला ओठ. आजी हे सांगताना प्रत्येक वेळी रडायची. त्या पेल्यात ख्रिस्त खरोखर होता की आठवणीत, हा वाद तिला कळला नसता. ती म्हणायची, "तिथं होता म्हणून तर ते घडलं."

आता कायद्याचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती माणसाला नाही. तो कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट. तिथे आम्हाला कुणी फरक विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर लग्न जुळवताना आपल्यातही पूर्वीची जात विचारली जाते, दोन्हीकडे. ताईंच्या भाच्याच्या सोयरिकीत काळजी मूर्तीची आणि मारियेची आहे, जातीची नाही, हे वाचून बरं वाटलं.

मिरज जंक्शन

आता कामाचं बोलू. माझं लग्न असंच झालं, मी सीएनआय, बायको गोव्याची कॅथलिक. ताई, तुमच्या भाच्याला सांगा:

पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. फक्त दाखला लागतो, तो आजच आपल्या पाळकांकडून काढून ठेवा, जुन्या रजिस्टरमध्ये नाव शोधण्यात दिवस जातात. मुलगी ज्या पॅरिशची (स्थानिक कॅथलिक चर्चची) आहे तिथले फादर संमिश्र विवाहासाठी बिशपची परवानगी मागतात. त्यात कॅथलिक बाजूने, म्हणजे मुलीने, वचन द्यायचं असतं की ती आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करेल. मुलाकडून तसं वचन घेत नाहीत, त्याला फक्त याची कल्पना दिलेली असावी लागते. हे घरात आधी बोला. आम्ही आधी बोललो नाही. पहिल्या बाळाच्या वेळी बोललो, आणि ते महिने फार कठीण गेले.

दोन चर्चमध्ये दोनदा लग्न लावता येत नाही. वचनं एकदाच. कॅथलिक चर्चमध्ये लग्न असेल तर आपल्या पाळकांना शास्त्रवाचन, प्रार्थना, आशीर्वाद यासाठी बोलावता येतं, फादरशी आधी बोलून. आपल्याच चर्चमध्ये लावायचं असेल तर त्यासाठी त्यांच्या बिशपची वेगळी सूट घ्यावी लागते.

आणि कम्युनियन, म्हणजे त्यांचं प्रभुभोजन. मिस्सा असेल तर आपण रांगेत जायचं नाही. माझ्या मावशीला हे माहीत नव्हतं, ती गेली आणि तिला सगळ्यांसमोर परत पाठवलं. कुणाला बोल लावत नाही, त्यांचा नियम आहे. ते ख्रिस्ताचं शरीर मानतात आणि पूर्ण एकी झाल्याशिवाय एका पंगतीला बसत नाहीत. पण आधी कुणी कानात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून संमिश्र लग्नात पुष्कळदा मिस्सा न ठेवता फक्त वचनसेवा (शास्त्रवाचन आणि प्रार्थना) आणि विवाहविधी ठेवतात.

माहुलीचा संगम

हे वाचून धक्का बसला. इतकं जवळचं असून एका ताटात नाही? मग पाचशे वर्षांत जुळवायचा प्रयत्न कुणी केला नाही का?

आगाशीकर

केलाय. ज्या मुद्द्यावरून ल्यूथर वेगळा झाला, म्हणजे माणूस देवासमोर नीतिमान कशाने ठरतो, त्यावर कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे एकत्र सही केली. माणूस देवाच्या कृपेने तारला जातो, स्वतःच्या पुण्याईने नाही, हे दोघांनी मिळून म्हटलं. नंतर मेथडिस्टांनी ते स्वीकारलं, २०१७ मध्ये प्रेस्बिटेरियन-रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही. म्हणजे ताईंच्या परंपरेच्या लोकांनीही. पोप, याजकपद आणि ते ताट, हे मात्र राहिलंय.

माझ्यापुरतं सांगतो. साताऱ्यात मी एका प्रॉटेस्टंट मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेलो होतो. सगळी गीतं मला येत होती. चालीसुद्धा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. मिरज जंक्शन, तुमचा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला. दोघांनी मुलांबद्दल बोलायला सुरुवात केलीय. सोपं नाहीये, पण बोलतायत. लग्न वसईला, मिस्सेविना. आमचे पाळकसाहेब तिथे वाचन आणि प्रार्थना करतील. सांगलीत परत आल्यावर आभाराची उपासना, आणि मग जेवण. शेजारच्या काकूंना दोन्हीकडचं बोलावणं आहे, आणि पोप कुणाचे तेही आता सांगून झालंय. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी चहा पिताना का नाही बोललीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा मुलगी घरी आली होती. आत्याबाईंनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "चल, प्रभूची प्रार्थना म्हणू." दोघी डोळे मिटून म्हणू लागल्या. 'वाइटापासून सोडव' आलं आणि मुलगी थांबली. आत्याबाई एकट्याच पुढे, 'कारण राज्य, सामर्थ्य...' आणि मग डोळे उघडून, "थांबलीस का गं?" ती म्हणाली, "आमच्यात ते आहे आत्याआजी, पण नंतर येतं." आत्याबाईंना ते पटलं नाही. त्यांना वाटतंय पोरीने वेळ मारून नेली. आगाशीकर, हे खरं आहे का?

आगाशीकर

अगदी खरं आहे. मिस्सेत 'सोडव'नंतर फादर एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात, आणि मग सगळी मंडळी मिळून म्हणते: राज्य, सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ तुझेच. आत्याबाईंना सांगा, कधी वसईला मिस्सेला बसल्या तर फादरांची ती प्रार्थना होईपर्यंत थांबायचं. मग त्यांनी म्हणावं, आम्ही सगळे बरोबर असू.